वीस बळी कुठून आणायचे? एसेक्सने कोच बदलला त्याची गोष्ट

२०१३ साली तिसरे. २०१४ साली तिसरे. २०१५ साली पुन्हा तिसरे. इंग्लंडच्या काउंटी क्रिकेटमध्ये तेव्हा दुसऱ्या गटातले पहिले दोनच संघ वर जायचे, आणि एसेक्स तीन वर्षं लागोपाठ दारापर्यंत जाऊन माघारी फिरला होता. २०१५ संपता संपता त्यांनी कोच बदलला. २०१६ मध्ये दुसऱ्या गटात पहिला नंबर आला. २०१७ मध्ये पहिल्या गटात एकही सामना न हरता ते विजेते झाले. याआधीचं अजिंक्यपद १९९२चं होतं, म्हणजे मध्ये पंचवीस वर्षं गेली होती.

संघातली बरीच पोरं तीच होती, मैदानही तेच. मग बदललं काय?

‘नवा कोच आला आणि संघाचं नशीब पालटलं’ हे वाक्य आपण क्रिकेटच्या बातम्यांत इतक्यांदा वाचतो की पुढे प्रश्न विचारायचंच विसरतो. मी नागपूरचा. विदर्भाच्या संघाला आधी वर्षानुवर्षं हरताना आणि नंतर रणजी करंडक उचलताना पाहिलंय. त्यामुळे कोच नक्की काय करतो हा माझ्यासाठी जिव्हाळ्याचा विषय आहे. एसेक्सची गोष्ट त्यासाठी मला सगळ्यात चांगली वाटते. तिच्यात कोचचं श्रेय कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं.

आधी काउंटी म्हणजे काय ते पाहू. आपल्या रणजीसारखीच ही इंग्लंडची देशांतर्गत, लाल चेंडूची स्पर्धा. अठरा संघ, प्रत्येक सामना चार दिवसांचा, हंगाम एप्रिल ते सप्टेंबर. २००० सालापासून संघ दोन गटांत विभागले गेले. वरच्या गटात तळाला गेलात की खाली, खालच्या गटात वर आलात की वर. रणजीहून मोठा फरक असा की काउंटीचे खेळाडू पगारी असतात, उन्हाळाभर एकाच क्लबात राहतात आणि जवळजवळ दर आठवड्याला खेळतात. कोचच्या हाताखाली वीस-बावीस जण सहा महिने रोज असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गुणांचं गणित. सगळं कोडं इथेच सुटतं, म्हणून जरा सावकाश जाऊ. २०१७ मध्ये सामना जिंकला तर १६ गुण मिळत आणि अनिर्णित राहिला तर ५. पहिल्या डावात पहिल्या ११० षटकांत किती धावा केल्या आणि किती बळी घेतले यावर वरचे थोडे बोनस गुण असत, फलंदाजीचे जास्तीत जास्त पाच आणि गोलंदाजीचे तीन. बोनस बाजूला ठेवू. समजा, एका संघाने दोन सामने चिवटपणे वाचवले. त्याला मिळाले १०. दुसऱ्या संघाने एक जिंकला आणि एक हरला. त्याला मिळाले १६. म्हणजे न हरणं पुरेसं नाही. सुरक्षित खेळून, तीनशे-साडेतीनशे करून, चौथ्या दिवशी हात मिळवून घरी जाणारा संघ गुणतक्त्यात मधेच कुठेतरी रेंगाळतो.

आणि जिंकायचं तर समोरच्या संघाला दोनदा बाद करावं लागतं. वीस बळी. पाचशे धावा करा, सहाशे करा, वीस बळी मिळाले नाहीत तर हाती पाच गुण. दिवसाला ९६ षटकं धरली तर चार दिवसांत ३८४ षटकं होतात. त्यातली आपली फलंदाजी वजा करा, इंग्लंडचा पाऊस वजा करा, आणि उरलेल्या वेळात वीस जणांना तंबूत पाठवा. लाल चेंडूच्या कुठल्याही कोचसमोरचा खरा प्रश्न हाच असतो.

एसेक्सने ज्यांना हा प्रश्न सोडवायला दिला ते क्रिस सिल्व्हरवूड स्वतः वेगवान गोलंदाज होते. यॉर्कशायरमधल्या पॉन्टफ्रॅक्टचे, इंग्लंडसाठी सहा कसोटी खेळलेले. त्यांना बाहेरून उचलून आणलं नव्हतं. २०१० पासून ते एसेक्सचेच बोलिंग कोच होते. पॉल ग्रेसन गेल्यावर मुख्य जबाबदारी त्यांच्याकडे आली. मदतीला अँथनी मॅकग्रा आले आणि क्रिकेट समितीच्या अध्यक्षपदी एसेक्सचे जुने कर्णधार रॉनी इराणी. कर्णधारपद रायन टेन डोशाटेला दिलं. तो नेदरलँड्सकडून आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळलेला, कोलकात्याच्या आयपीएल संघामुळे आपल्याकडेही ओळखीचा, आणि पुढे भारतीय संघाच्या कोचिंग ताफ्यातही आलेला माणूस.

आता ज्या वर्षी सिल्व्हरवूड यांनी सूत्रं हाती घेतली त्याच वर्षी नियम बदलला. २०१७ पासून वरच्या गटात आठच संघ ठेवायचे ठरलं होतं, त्यामुळे २०१६ मध्ये खालून एकच संघ वर जाणार होता. तीनदा तिसरं आलेल्या संघाला आता दुसरा नंबरही उपयोगाचा नव्हता. एसेक्सने तो एकमेव दरवाजा उघडला. मला २०१७च्या अजिंक्यपदाइतकंच हे मोलाचं वाटतं. लोक मात्र त्याबद्दल क्वचितच बोलतात.

आता त्या वीस बळींकडे येऊ.

जेमी पोर्टर हा पूर्व लंडनच्या लेटनस्टोनचा पोरगा. हा भाग एसेक्सच्या पंखाखालीच येतो. उजव्या हाताने मध्यमगती-वेगवान टाकणारा, फार धडकी भरवणारा वेग नाही, पण चेंडू यष्टींच्या रेषेत आणि शिवणीवर. काउंटीचा पक्का करार मिळण्याआधी तो नोकरभरतीच्या एका ऑफिसात काम करत होता. २०१४ च्या शेवटी त्याला पहिला प्रथम श्रेणी सामना मिळाला. त्या वेळी एसेक्सचा बोलिंग कोच कोण? सिल्व्हरवूड. म्हणजे मुख्य कोच झाल्यावर त्यांना हा मुलगा शोधावा लागला नाही. त्याची दुपारच्या चहानंतरची तिसरी स्पेल कशी पडते, कुठल्या टोकाकडून त्याचा चेंडू जास्त बोलतो, कधी त्याला विश्रांती द्यायची, हे सगळं त्यांनी दोन वर्षं जवळून पाहिलेलं होतं. २०१७ मध्ये पोर्टरने ७५ बळी घेतले आणि पुढच्या वर्षी विस्डेन या क्रिकेटच्या प्रसिद्ध वार्षिकाच्या पाच सर्वोत्तम खेळाडूंत त्याचं नाव आलं.

आतून बढती मिळालेल्या कोचचा फायदा हा असा असतो. बाहेरून आलेल्या मोठ्या नावाला पहिलं वर्ष माणसं ओळखण्यातच जातं.

पण पोर्टर एकटा पुरत नाही. एप्रिल-मे मध्ये ढगाळ हवा, ओलसर खेळपट्टी, ड्यूक्स चेंडूची उठावदार शिवण, यात वेगवान गोलंदाजांना बळी मिळतात. जून उजाडला, ऊन पडलं, खेळपट्टी वाळली की तेच गोलंदाज थकलेले दिसतात आणि सामने लांबतात. त्या दिवसांत संघाकडे फिरकी गोलंदाज नसेल तर अनिर्णित सामन्यांची रांग लागते. एसेक्सला तो गोलंदाज मिळाला २०१७ साली, आणि त्याची वाट चक्क नागपूर-मुंबईवरून गेलेली आहे.

नोव्हेंबर २०१५. नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. मी तिथे होतो. खेळपट्टीवर पहिल्या दिवसापासून चेंडू हातभर वळत होता आणि सामना तीन दिवसांत आटोपला. आफ्रिकेचा पहिला डाव ७९ धावांत गडगडला, अश्विनने सामन्यात १२ बळी घेतले. त्या गदारोळात आफ्रिकेच्या एका ऑफस्पिनरने पहिल्या डावात आपले ४ बळी घेतले होते, ते फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. त्याचं नाव सायमन हार्मर. त्याची ही पाचवी कसोटी. त्यानंतर त्याला संघातून वगळलं, आणि पुढची कसोटी खेळायला २०२२ साल उजाडावं लागलं.

हार्मरने तेव्हा एक गोष्ट केली, त्यासाठी मला त्याच्याबद्दल फार आदर वाटतो. २०१६ मध्ये तो स्वतःहून मुंबईत आला आणि उमेश पटवाल यांच्याकडे फिरकी शिकला. कसोटी खेळलेला माणूस, वय सत्तावीस, आणि तो पुन्हा विद्यार्थी होऊन मुंबईच्या नेट्समध्ये उभा. जिथे आपल्याला कमी पडलं त्याच मुलखात जाऊन ते शिकायचं, याला मोठं मन लागतं.

मग तो एसेक्सकडे गेला, कोलपॅक करारावर. हा शब्द काउंटीच्या बातम्यांत सारखा यायचा, म्हणून थोडक्यात सांगतो. मारोश कोलपॅक हा स्लोवाकियाचा हँडबॉलचा गोलरक्षक. २००३ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्याच्या खटल्यात निकाल दिला की ज्या देशांचे युरोपीय संघाशी विशिष्ट करार आहेत, तिथल्या कामगाराला युरोपात परका म्हणून अडवता येणार नाही. दक्षिण आफ्रिकेचा तसा करार होता. त्यामुळे आफ्रिकेचे खेळाडू काउंटीत ‘परदेशी खेळाडू’ न धरता खेळू लागले. काउंटीला परदेशी खेळाडूंची मर्यादा असते, हे त्या मर्यादेबाहेरचे. बदल्यात खेळाडूला आपल्या देशाकडून खेळण्यावर पाणी सोडावं लागे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२०च्या अखेरीस ही वाट बंद झाली. एसेक्सच्या दृष्टीने बघा: परदेशी जागा मोकळीच राहिली. ती त्यांनी २०१७ मध्ये आधी नील वॅग्नरला आणि मग मोहम्मद आमिरला दिली. आमिरने स्कारबरोला यॉर्कशायरविरुद्ध सामन्यात १० बळी घेतले. आणि फिरकीचा भार हार्मरने हंगामभर वाहिला.

इथे आणखी एका नियमाचा हात होता, आणि तो न सांगता कोचचंच कौतुक केलं तर ते अपुरं होईल. २०१६ पासून काउंटीत असा नियम आला की पाहुण्या संघाला आधी गोलंदाजी करायची असेल तर नाणेफेकच करायची नाही, त्यांनी सरळ चेंडू हातात घ्यावा. कारण यजमान संघ हिरव्यागार खेळपट्ट्या करून मध्यमगती गोलंदाजांच्या जिवावर सामने उरकत होते आणि इंग्लंडमध्ये फिरकी गोलंदाज तयारच होत नव्हते. नव्या नियमानंतर तसली खेळपट्टी केली तर पहिला फटका स्वतःलाच. त्यामुळे खेळपट्ट्या थोड्या कोरड्या, थोड्या टिकाऊ होऊ लागल्या. चौथ्या दिवशी फिरकी गोलंदाजाला काम मिळू लागलं. एसेक्सकडे नेमका त्याच वेळी हार्मर आला. नियम सगळ्यांसाठी सारखाच होता. त्याचा उपयोग करून घेणारे सगळे नव्हते.

जून २०१७ मधला चेम्सफर्डचा एक सामना सांगतो, कारण त्यात हे सगळं एका जागी दिसतं. चेम्सफर्ड हे एसेक्सचं घरचं मैदान, छोटं, नदीकाठचं, गावातलं. चार दिशांना घरं आणि फ्लॅट. समोर मिडलसेक्स, आदल्या वर्षीचा विजेता. त्या फेरीत काउंटीने गुलाबी चेंडूने दिवस-रात्र सामने खेळवले होते, त्यामुळे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू होऊन मध्यरात्र उलटून खेळ चाले. मी चारही रात्री फोनवर धावफलक उघडून बसलो होतो.

आधी एसेक्सची फलंदाजी. निक ब्राऊन आणि अ‍ॅलिस्टर कूक यांनी सलामीला ३७३ धावा जोडल्या, एसेक्सचा पहिल्या विकेटचा विक्रम. ब्राऊन २२१, कूक १९३. हा आकडा नुसता कौतुकाचा नाही. आधीच्या सोप्या गणिताकडे परत या: एवढी मोठी धावसंख्या एका डावात झाली की दुसऱ्यांदा फलंदाजी करावी लागत नाही. वाचलेला सगळा वेळ गोलंदाजांच्या झोळीत पडतो. फलंदाजांनी बळी घेतले नाहीत, पण बळी घ्यायला लागणारी षटकं कमावून दिली.

मग चौथा दिवस. मिडलसेक्सला हरायचं नव्हतं, त्यांना फक्त वेळ काढायचा होता. बॅट-पॅडजवळ क्षेत्ररक्षक, गुलाबी चेंडू आता जुना, पिसं निघालेला, आणि एका टोकाने हार्मर. षटकामागून षटक. मधे अर्धा-पाऊण तास विकेट नाही. मग एक. पुन्हा शांतता. शेवटचा फलंदाज बाद झाला तेव्हा सामन्यातले फक्त आठ चेंडू उरले होते. हार्मरचे त्या डावातले आकडे ९५ धावांत ९ बळी, सामन्यात १४. आणि आदल्याच आठवड्यात वॉरविकशायरविरुद्धही त्याने सामन्यात १४ बळी घेतले होते.

आठ चेंडू. ते निसटले असते तर १६ ऐवजी ५ गुण. लांबून पाहणाऱ्याला ही हार्मरची करामत वाटते, आणि ती आहेच. पण एका फिरकी गोलंदाजाला चौथ्या दिवशी एक टोक धरून ठेवायला देणं, अर्धा तास विकेट नाही मिळाली तरी त्याला न काढणं, त्याच्याभोवती माणसं उभी ठेवणं, यामागे कर्णधार आणि कोच यांनी आधीच बसून केलेला निर्णय असतो. आपल्या गल्लीतल्या आणि क्लबातल्या क्रिकेटमध्ये ऑफस्पिनरला दोन चौकार बसले की चेंडू दुसऱ्याच्या हातात जातो. माझ्या लहानपणीच्या क्लबात एक चांगला ऑफस्पिनर मुलगा असाच मागे पडत गेला आणि शेवटी त्याने खेळच सोडला. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

हंगाम संपला तेव्हा पोर्टरचे ७५ आणि हार्मरचे ७२, दोघांचे मिळून १४७ बळी. चौदा सामन्यांत जास्तीत जास्त २८० बळी मिळू शकतात. म्हणजे निम्म्याहून अधिक वाटा या दोघांचाच. दहा विजय, चार अनिर्णित, पराभव शून्य. सप्टेंबरमध्ये एजबॅस्टनला वॉरविकशायरला डावाने हरवलं, तिकडे लँकशायर सॉमरसेटकडून हरलं, आणि दोन सामने बाकी असतानाच अजिंक्यपद चेम्सफर्डला आलं.

चेम्सफर्डचं नाव निघालं की श्रीरामपूरच्या झहीर खानची आठवण येतेच. २००६ मध्ये वूस्टरशायरकडून खेळताना याच मैदानावर त्याने एसेक्सच्या एका डावातले नऊ बळी घेतले होते. दहाव्याचा झेल यष्टिरक्षकाच्या हातून सुटला. त्या हंगामात झहीरने ७८ बळी घेतले आणि भारतीय संघात परतला तो वेगळाच गोलंदाज होऊन. काउंटीचा रोजचा रगाडा गोलंदाजाला कसा घडवतो याचं आपल्या घरचं उदाहरण.

असो. आता उलट बाजूनेही विचार करू.

ताप चढलेला असताना माणूस डॉक्टर बदलतो. ताप एकशे चारवर गेला की घरचे घाबरतात आणि दुसऱ्या डॉक्टरकडे नेतात. पण बरेच ताप चढल्यावर आपोआप उतरायलाच लागतात. उतरला की श्रेय नव्या डॉक्टरला. क्रिकेट संघांचंही असंच होतं. कोच बदलतो तो संघ अगदी गाळात असताना. झेल सुटत असतात, नाणेफेक हरत असतात, दोन मुख्य गोलंदाज दुखापतीने बाहेर असतात. यातलं काही पुढच्या वर्षी आपसूकच सरळ होतं. संघ थोडा वर येतो आणि नवा कोच थोर ठरतो. संख्याशास्त्रात या प्रकाराला सरासरीकडे परतणं म्हणतात. म्हणून पहिल्या पाच-सहा सामन्यांवरून कोचला डोक्यावर घेऊ नये, आणि पायदळीही तुडवू नये.

मग एसेक्सचं यशही तसंच होतं का? मला नाही वाटत. एक म्हणजे तो संघ गाळात नव्हताच, तिसरा होता. गाळातून सरासरीकडे परतणं वेगळं आणि तिसऱ्यावरून पहिल्यावर जाणं, मग वरच्या गटात जाऊन तिथेही पहिलं येणं वेगळं. दुसरं, जे सुधारलं ते नेमकं बोट ठेवून दाखवता येतं: बळी घेण्याची ताकद. आणि तिसरं कारण माझ्या मते सगळ्यात वजनदार आहे. सिल्व्हरवूड २०१७ नंतर इंग्लंडचे वेगवान गोलंदाजीचे कोच म्हणून निघून गेले, आणि एसेक्स कोसळलं नाही. मॅकग्रा मुख्य कोच झाले. २०१९ मध्ये पुन्हा काउंटीचे विजेते, हार्मरचे ८३ बळी. त्याच वर्षी काउंटी संघांची वीस षटकांची स्पर्धा, ट्वेंटी-२० ब्लास्टही जिंकली, कर्णधार हार्मर, आणि अंतिम सामन्यात शेवटच्या चेंडूवर चौकार मारणाराही तोच. २०२० मध्ये करोनामुळे काउंटीऐवजी बॉब विलिस करंडक झाला, तोही एसेक्सने नेला. कोच गेल्यावरही जे टिकतं ते त्याच्या हातून खरंच घडलेलं असतं.

सिल्व्हरवूड यांच्या पुढच्या वाटेवर मात्र काटे होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये ते इंग्लंडचे मुख्य कोच झाले. २०२१ मध्ये संघनिवडीची जबाबदारीही त्यांच्याच खांद्यावर आली. ऑस्ट्रेलियात अ‍ॅशेस ४-० ने गमावल्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. अनेकांनी लिहिलं की माणूस त्या पात्रतेचाच नव्हता. मला हे मान्य नाही. तेच डोळे, तेच ज्ञान, पण काम निराळं. काउंटीत वीस-बावीस पोरं सहा महिने समोर असतात. कुणाचा खांदा दुखतोय, कुणाच्या घरी काय चाललंय, कुणाला आज चेंडू देऊ नये, हे कोचला सकाळी चेहरा बघून कळतं. राष्ट्रीय संघात खेळाडू मालिकेपुरते येतात. त्यातून तो काळ करोनाचा, हॉटेलांत कोंडलेले खेळाडू, विश्रांतीसाठी आलटून-पालटून संघ. पोर्टरला जसं दोन-तीन वर्षं घडवता आलं तसं तिथे कुणाला घडवायला वेळच नव्हता. पुढे दोन वर्षं ते श्रीलंकेचे कोच होते.

आमच्या विदर्भाने ऐन २०१७ मध्येच हेच अनुभवलं. चंद्रकांत पंडित कोच म्हणून आले आणि पहिल्याच हंगामात विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. १ जानेवारी २०१८, इंदूरचं होळकर मैदान, समोर दिल्ली. कर्णधार फैज फजलने हंगामात ९१२ धावा केल्या, रजनीश गुरबानीने अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक घेतली. गुरबानी शिकलेला सिव्हिल इंजिनीअर. नोकरभरतीच्या ऑफिसातून आलेला पोर्टर आणि इंजिनीअरिंगच्या वर्गातून आलेला गुरबानी एकाच वर्षी आपापल्या संघाला बळी मिळवून देत होते. पंडित सरांची शिस्त कडक, त्याबद्दल भरपूर बोललं जातं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते गुरबानीसारख्या मुलाच्या हाती, उपांत्य सामन्यात कर्नाटकाविरुद्ध अवघ्या काही धावा उरलेल्या असताना, पुन्हा चेंडू देणं. तो सामना विदर्भाने पाच धावांनी जिंकला. पंडित गेल्यानंतरही, २०२४-२५ मध्ये उस्मान घनी कोच असताना, विदर्भाने पुन्हा रणजी जिंकली. आणि कर्नाटकाविरुद्धच्या त्या सामन्यात गुरबानीबरोबर नवा चेंडू टाकणारा आमचा उमेश यादव २०२३ मध्ये हंगामाच्या शेवटी एसेक्सकडूनच खेळून आला.

हार्मरचं वर्तुळही पूर्ण झालं. नोव्हेंबर २०२५ मध्ये, जामठ्यानंतर बरोबर दहा वर्षांनी, तो कसोटी खेळायला भारतात आला. कोलकात्यात आठ, गुवाहाटीत नऊ, दोन कसोटींत १७ बळी. आफ्रिका दोन्ही सामने जिंकली आणि मालिकावीर तोच. गुवाहाटीला त्याने डावात सहा बळी घेतले तेव्हा मी आपल्या संघाच्या पराभवाने खट्टू होतो, आणि तरीही त्याच्यासाठी मनातून आनंद वाटत होता. दहा वर्षांत त्याने चेम्सफर्डला टाकलेली हजारो षटकं त्या हातात होती.

२०२४च्या अखेरीस सिल्व्हरवूड एसेक्समध्ये परत आले, या वेळी डायरेक्टर ऑफ क्रिकेट म्हणून. मॅकग्रा यॉर्कशायरला गेले. काउंटीचा हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो आणि आपल्याकडे दुपारी साडेतीनला खेळाचा पहिला चेंडू पडतो. तुम्हाला कुठल्याही संघाचा नवा कोच जोखायचा असेल तर गुणतक्ता जरा बाजूला ठेवा आणि धावफलकात दोन गोष्टी शोधा. ऐंशी षटकांनंतरचा दुसरा नवा चेंडू कुणाच्या हाती दिलाय? आणि चौथ्या दिवशी, विकेट मिळत नसताना, फिरकी गोलंदाजाची स्पेल किती षटकांची आहे? मी एसेक्सचा धावफलक उघडला की आधी तेच पाहतो.